एकतीस पाव

बँकेच्या अर्जात शेवटी एक चौकट असते:
‘कर्जदाराचे व्यावसायिक गुण. दहापैकी.’
चौकट काडेपेटीएवढी.
तेवढ्यासाठी मी कुताइसीतल्या त्या उतारावर
पहाटे चारला उभा, काखेत फाइल,
बुटांत रिओनी नदीचं धुकं.

नाझिब्रोला तळघरात होती.
जमिनीत पुरलेल्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
मातीच्या तापल्या भिंतीवर कणीक थापत होती,
पाय जवळजवळ अधांतरी.
वर आली तेव्हा लक्षात आलं, हिला भुवया नाहीत.
“तीस वर्षांत उगवायला वेळच मिळाला नाही त्यांना.
विचारा.”

विचारलं, पुढच्या पाच वर्षांचं नियोजन?
म्हणाली, पीठ परवा संपेल.
विचारलं, स्पर्धक?
तिने कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटकडे हनुवटी वळवली.
“त्यांचा पाव गुरुवारपर्यंत मऊ राहतो.
माझा संध्याकाळी दगड होतो.
म्हणून माझं गिऱ्हाईक उद्या परत येतं.”

इतक्यात पीठवाला आला.
त्याने पोती उतरवली, तिने त्यातलं मधलंच एक
काट्यावर चढवलं.
तीनशे ग्रॅम कमी.
आवाज चढला नाही. बिलातून तीनशे ग्रॅम कापले,
आणि होडीसारखा लांबट, वाफाळता पाव त्याच्या हाती दिला.
त्याला भांडता येईना.
तोंड भरलेलं होतं.

नदीपलीकडच्या हॉटेलने रोज चारशे मागितले होते म्हणे.
“दोन दिवस दिले.
दोन्ही दिवस रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला करपलेले आले.
कुणी बोललं नाही. तेच वाईट.
तिसऱ्या दिवशी हॉटेलला नाही म्हटलं.”
एवढं सांगून ती पुन्हा भट्टीत उतरली,
अर्धं वाक्य आतूनच आलं,
काय होतं ते मला कळलं नाही.

मग उधारीची वही.
जाड, तेलकट, पाठीवर शिवलेली.
नावं नाहीत. ‘तिसरा मजला, खोकला.’
‘लाल टोपीची सून.’ ‘मुकी नाही, लाजते.’
आणि कुठेच पैसे नाहीत, नुसत्या उभ्या रेघा.
“रक्कम?” मी पेन सरसावलं.

“कुठली रक्कम?
आधी रुबल होते, ते गेले.
मग कूपनं आली, पोतंभर कूपनांना पोतंभर पीठ येईना.
मग लारी.
पाव तेवढा पावच राहिला.
ज्याने दहा नेले, त्याने दहांचे द्यावेत, त्या दिवशीच्या भावाने.”

बँकेत अकरा वर्षं काढली मी.
महागाईचा हिशेब इतका स्वच्छ मांडलेला
पाहिला नव्हता.

पानं उलटत गेलो.
वीज नसलेल्या हिवाळ्याचं एक पान,
मेणाचे थेंब पडलेलं, त्यावर:
‘हिरवं दार, पियानो दुरुस्त करणारा.
मुलाला पाठवतो, स्वतः येत नाही.’
खाली एकतीस रेघा.

त्या हिवाळ्यात कुताइसीत कोण पियानो दुरुस्त करून घेणार होतं?
मला रस्ता आठवला, हातमोजे नव्हते ते आठवलं,
पावाचं टोक वाटेतच खायचो ते आठवलं.
घरी कधी कुणी विचारलं नाही, टोक कुठे गेलं.

“हे दार आमचं,” मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. नीट, वजन करावं तसं.
मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे,
तुझे वडील भले होते,
आता म्हणेल, आणि कर्जाचं तेवढं बघ.

“दीड लारीने एकतीस,” ती म्हणाली.
“साडेशेहेचाळीस.”

मी पन्नासची नोट दिली.
तिने ती उजेडात धरली, गल्ल्यात टाकली,
पानावर एकच तिरपी रेघ ओढली,
आणि साडेतीन लारी माझ्या तळहातावर मोजून ठेवले.
भट्टीशेजारच्या डब्यातली नाणी, चांगलीच गरम.

मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत
तिने विचारलं,
“पुढचं कोण?”