पोटातली वाटी

अनेस्तिसने क्ष-किरणांचा फोटो टेबलावर टाकला
आणि म्हणाला, बघ, लबाडी.

पांढऱ्या अंगाची, उंच मानेची कुपी.
एरेत्रियाच्या जुन्या स्मशानातली,
मेलेल्याच्या उशाशी ठेवलेली.
वरून पाहावं तर शेर-दीड शेर तेल सहज मावेल.
आत मात्र गळ्याखाली लोंबकळणारी
एक इवलीशी वाटी, अंड्याएवढी.
तेल तेवढ्यातच.
बाकी सगळं पोट कोरडं ठणठणीत.

मोठं घर, पोकळ वासा.
अनेस्तिस हसत होता:
शेजाऱ्यांना फसवलं, मेलेल्याला फसवलं,
देवांना तर काय, सवयच.

मी हसले नाही.
माझ्यासमोर तिचे एकवीस तुकडे होते
आणि ब्रश ओला होता.

फळीवरच्या बाकीच्या जणी बघत होत्या.
मिसरची दुधी दगडाची लोटी,
तळाशी अजून कुणाच्या तरी गालाचं मलम वाळलेलं.
फिनिशियाची निळी काचेची बाटली, करंगळीएवढी,
हात लावला की माशाचे खवले सुटावेत तशी सुटते.
खिओसचा दारूचा रांजण, टोकदार बुडाचा,
जन्मात कधी स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही,
कायम कुणाच्या तरी खांद्याला टेकून.
ह्या सगळ्या सरळ बायका.
दिसतात तेवढ्याच असतात.

आणि ही.
हिच्या अंगावर चितारलेली एक बाई
टोपलीत फिती घेऊन थडग्याकडे निघालेली.
रेघ एवढी हलकी, की श्वास सोडताना मी मान वळवते.
पायापाशी, कुणाला दिसणार नाही असं,
सुईच्या जाडीचं भोक.
आतल्या कोंडलेल्या हवेला वाट ठेवली नाही
तर भट्टीत फुटते अशी वस्तू.
कुंभाराला ठाऊक होतं.
त्याने अशा किती केल्या असतील?
बायका दुकानात येऊन काय म्हणत असतील,
कुठल्या आवाजात?

बाबा गेले ते जैतुनाला माशी लागलेलं वर्ष.
झाडाखाली सडा, घाण्यावर शुकशुकाट.
पाद्रीबुवांनी खड्ड्यात ओतायला तेल मागितलं
तेव्हा आईने पिशवीतून
खोकल्याच्या औषधाची बाटली काढली.
धुतलेली. लेबल खरवडलेलं, पण एक कोपरा चिकटूनच राहिलेला.
कालिरोई आत्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.
तिच्या भावाची तीनशे झाडं होती.
आई म्हणाली, कुणी विचारलं नसताना, मोठ्याने:
भरलेली आहे.

भरलेलीच होती.
बाबांच्या छातीवर तेलाचा क्रूस पडला,
वरचा दांडा जरा आखूड.

घरी, जिन्याखालच्या डब्यात, सतरा किलो.
नोव्हेंबरपर्यंत चार तोंडं.
त्या रात्री मसूर होते.
माझ्या ताटात तेल ओतताना
आईने हात आखडता घेतला नाही.
मी बघत होते. मला वाटलं होतं, घेईल.

संध्याकाळी शेवटचा तुकडा उरला, खांद्याजवळचा.
बसवण्याआधी दोन बोटं आत घातली.
वाटीच्या बुडाला खालून अंगठ्याचा ठसा,
माझ्यापेक्षा लहान.
घाईचा. जरासा तिरका.
त्याच्यावर बोट टेकवून थोडा वेळ बसले,
मग सरस लावला, आणि झालं बंद.

अनेस्तिस फॉर्म भरत होता.
उंची लिहिली, मातीचा रंग लिहिला,
कुठे सापडली ते लिहिलं.
मग पेन थांबलं: किती मावतं?
बाहेरचं माप लिहू की आतलं?

हात पुसता पुसता म्हटलं,
लिही, काठोकाठ.

तो म्हणाला, इथे आकडा लागतो.