दगडाखालची मोजणी

धारूरच्या घाटाखाली, ओढ्याच्या तिसऱ्या वळणावर
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून मी उभी.
हातात पिठाची चाळण, काठावर पांढरा ट्रे,
वहीत मागच्या आश्विनाचं पान:
एका दगडाखाली एकोणचाळीस जीव.

बहुतेक त्या तीन शेपट्यांच्या,
पोटाच्या कडेनं कल्ल्यांची झालर सारखी हलती,
दगडाला बिलगून वाहत्या पाण्याला चकवणाऱ्या.
त्यांना मराठीत नाव नाही.
कॉलेजचा शिपाई केरबा 'तिशेपटी' म्हणतो,
मीही तेच लिहिते.

यंदा दगड सहज सुटला नाही.
दाढ उपटावी तसा उपटावा लागला,
हिरडीभर मुरूम घेऊन.

वर रस्ता रुंद होतोय.
कापलेल्या डोंगराची माती उतारावर लोटलेली,
ती पावसानं खाली आणली, घाई न करता,
चमच्याचमच्यानं
दगडादगडांतल्या फटींत भरत.
पाणी आता नितळच दिसतं. जनावरं पितात.
तक्रार करावी असं काही नाही.
फक्त फट गेली.

मोजणी:
गाळात सुखी असणाऱ्या लाल अळ्या, सत्तर.
तिशेपटी, दोन.
एकीचे कल्ले मातीनं माखलेले,
ती ते हलवते, हलवते,
मग थोडा वेळ हलवत नाही.

जेसीबी बंद करून जिलानी पाणी भरायला उतरला.
"काय हुडकायलाव मॅडम? सोनं?"
मी ट्रे पुढं केला.
त्यात तांदळाएवढी एक नळी,
कणाला कण चिकटवून शिवलेली,
आतून अळीचं डोकं बाहेर.
एरवी यांचे अंगरखे काळे, पाषाणाच्या चुऱ्याचे.
हा तांबडा.
जिलानीनं ओळखलं, "ही तर माझ्या बकेटातली माती."
हसला, मग हसू अर्धंच ठेवून
ट्रे दोन्ही हातांनी धरून राहिला,
काठोकाठ दूध असल्यासारखा.
"खाली टाकू नका म्हणून सायबाला सांगू का?"
सांगा.
"ऐकणार न्हाई."
न्हाई ऐकणार.

निघताना दगड होता तसा ठेवला.
त्याआधी नखानं
त्याच्या बुडाखालची माती खरवडली,
टिचभर खोली होईल इतकी.
हे वहीत नाही.
शास्त्राच्या हिशेबी ती लबाडी आहे.