नेहमीसारखं ओता

हल शहरात, गोदीमागच्या मेथडिस्ट सभागृहात
मंगळवारी सकाळी दहाला मी बाटल्या मांडते.
व्हिस्कीच्या बाटलीत कोरा चहा,
वाइनच्या बाटलीत बिटाचं पाणी,
व्होडकाच्या बाटलीत नळाचं.
तिला सोंग घ्यावं लागत नाही.

आधी फॉर्म.
वय. शिक्षण. घर स्वतःचं की कौन्सिलचं.
लहानपणी वडील काय करायचे?
इथं पेन अडतं.
बाकीची उतरंड पोस्टकोडवरून संगणकच रचतो,
कुठलं मडकं तळाला, कुठलं वर.

मग मी ठरलेलं वाक्य म्हणते:
घरी ओतता तसं ओता. नेहमीसारखं.

आर्नल्ड ब्लेंकिन, वय सत्त्याहत्तर,
आइसलंडच्या पाण्यात कॉड धरायचा.
वडिलांच्या रकान्यात एकच शब्द: बोटीवर.
पेशा की पत्ता, मी विचारलं नाही.
ग्लास टेबलावर न ठेवता
हातात तोलून धरला त्यानं.
टेबल हलणारच, हे मनगटाला ठाऊक.
सत्तेचाळीस मिली.
पंचवीस म्हणजे एक माप;
हे त्यांना सांगायचं नसतं.

फिलिपा थ्वेट, निवृत्त मुख्याध्यापिका,
बेव्हर्लीहून येते. दोन पदव्या,
मागच्या अंगणात नासपतीची झाडं.
"मी आपली एवढुशीच घेते," म्हणाली
आणि सगळ्यांत मोठ्या पोटाचा ग्लास उचलला.
एवढुशी तळाशी ऐसपैस पसरली
आणि शेवटपर्यंत एवढुशीच दिसली.
दोनशे दहा.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं
तर भांडं असं हवं.

दानुता रात्रपाळी संपवून आली, मासळीच्या कारखान्यातून,
बोटांना अजून बर्फाची लाली.
पोलंडात शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.
खाली वाकली, डोळा रेघेच्या पातळीत आणला.
पंचवीस. ना थेंब इकडे, ना तिकडे.
"घरीही असंच?"
हा प्रश्न कागदावर नव्हता, तोंडातून गेला.
"छे," ती म्हणाली, "पण तुम्ही बघत होतात ना."

डेझमंड स्प्रॅगनं डोळे मिटले.
बाटली कलती केली, कान पुढे केला.
भरत चाललेल्या ग्लासचा आवाज
बारीक होत होत वर चढतो, तिथवर ऐकत राहिला
आणि काठाच्या केसभर अलीकडे थांबला.
"दिवा लावायचो नाही," म्हणाला. "पोरं जागी झाली असती."
मग कूपन खिशात घालताना,
"अकरा वर्षं झाली. एक थेंब नाही."
आठवड्यातून दोनदा, असं फॉर्मवर लिहिलं होतं त्यानं.
दहा पौंडांसाठी.
नियमानं असा माणूस बाद.
त्याचा फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे,
छत्रीच्या खाली, थोडा ओलसर.

मापात पाप, असं म्हणायला बसले तर
कुणाच्या मापात, ते आधी ठरवावं लागेल.
वरच्या कार्यालयाला मी फक्त तक्ता पाठवते.
व्हिस्कीची सरासरी एकेचाळीस.
एकेचाळीस त्या दिवशी कुणीच ओतलं नव्हतं.

आणि हो, एक राहिलं.
मोजून झाल्यावर मी वळले तेवढ्यात
आर्नल्डनं ते सत्तेचाळीस एका घोटात संपवलं,
तोंड वेडंवाकडं केलं, म्हणाला,
"चहा आहे होय, पोरी.
साखर तरी घालायचीस."