वयाचा रकाना

बाईंनी सहा कोरे तक्ते दिले.
नाव, वय, टप्पा, निरीक्षण.
प्रत्येकाला एक तास नुसतं बघायचं,
मधे बोलायचं नाही, मत द्यायचं नाही.
वीस गुण.

एक्केचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला बसलेय.
सकाळी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कडा शिवते,
दोननंतर मानवी विकास.
वर्गातल्या पोरी मला अक्का म्हणतात
आणि नोट्स माझ्याच मागतात.

पहिला तक्ता : भावजयीचं बाळ, दहा महिने.
चमचा टॉवेलखाली झाकला.
पुस्तक म्हणतं, या वयात कळू लागतं
की दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही.
बाळानं चमचा शोधलाच नाही.
टॉवेल ओढला, कड चोखत बसलं.
कड माझ्याच हातची. उसवली नाही.
हे लिहायचं की नाही, ठरेना.
लिहिलं.

दुसरा बालवाडीत उरकला. सगळी पोरं रडत होती.

तिसरा : रेणुका गुंडला, नऊ वर्षं, इयत्ता चौथी.
या टप्प्यासमोर पुस्तकात ठळक शब्द आहे, उद्यमशीलता.
पत्र्याचा साचा ठेवून, कात्री फिरवत
तिनं तासाभरात विडीच्या पानांचा ढीग केला,
सातचा पाढा दोनदा म्हणाली,
दोन्ही वेळा सात आठेला अडली.
आईच्या जुडीत एक विडी कमी निघाली
तेव्हा कुणी विचारायच्या आत म्हणाली, मी नाही.
अंगठ्याच्या बुडाशी घट्टा, हरभऱ्याएवढा.
टप्पा : पूर्ण?
प्रश्नचिन्ह खोडलं. मत द्यायचं नाही.

चौथा : व्यंकटेश इराबत्ती, एकोणीस. स्वतःची ओळख शोधण्याचं वय.
पुण्याची बस साडेदहाला,
हा आठपासून बूट घालून कॉटवर.
तासाभरात अकरा वेळा केस सारखे केले,
एकदा आईच्या शिलाई मशीनला तेल घातलं,
कुणी सांगितलं नव्हतं.
मग हात पुसायला फडकं शोधत राहिला
स्वतःच्याच घरात, पाहुण्यासारखा.

पाचवा, मध्यम प्रौढत्व, चाळीस ते साठ.
अख्ख्या विडी घरकुलात हिंडले,
त्या वयाचं कुणी एक तास बसलेलं सापडेना.
ठेवला बाजूला.

सहावा : नरसव्वा. वय?
एमो, म्हणाली. कुणास ठाऊक.
आधारवर एक जानेवारी आहे.
आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या
एकाच दिवशी जन्मल्यात.
पुस्तक म्हणतं, या वयात माणूस मागे वळून हिशेब मांडतो.
नरसव्वा शेंगा फोडत होती.
फोलपटं डावीकडे, दाणे उजवीकडे,
किडका दाणा तोंडात टाकून बघायची, मग थुंकायची.
पाचला उठली, चहा ठेवला. दोन कप.
नवऱ्याची पहिली पाळी सुटून घरी यायची वेळ.
तो जाऊन बावीस वर्षं झाली,
गिरणीचा भोंगा तर त्याच्याही आधी गेला.
मी खाली मान घालून लिहिलं : विस्मरण.
कप माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली,
घे की गं, गार व्हायलाय.
खोडलं.

पाण्याचा दिवस होता, पाचवा.
पहाटे तीनला नळ आला
आणि उरलेला तक्ता मी दाराच्या कडीला अडकवला.
म्हटलं, बघू हिलाच.
हिनं दोन पिंपं भरली, चार घागरी,
सासऱ्यांची बादली वेगळी, गाळून.
शेजारणीशी पाइपवरून भांडली, मग तिचंही पिंप भरलं.
मधेच उभ्या उभ्या दोन मिनिटं झोपली,
पाणी वाहिलं तेव्हा जागी झाली.
तास झाला कधी, कळलं नाही.

बाईंनी तेरा दिले.
लाल शाईत लिहिलं, स्वतःचं निरीक्षण ग्राह्य नाही.
मग पाचवा तक्ता उजेडाकडे धरला,
वयाच्या रकान्यात पाण्यानं शाई फुटलेली.
हे काय लिहिलंय, एक्केचाळीस की एकसष्ट?

एमो, म्हटलं मी.