रिवायंडिंगच्या दुकानात नववा डाव

उदगीरला, देगलूर रोडवर,
मुजीबच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात
आम्ही चौघं डाव बघतो.
मोबाईल एका जळक्या स्टेटरला टेकवलेला,
वॉर्निशचा वास, चहाचे कागदी कप,
आणि तिकडे, कुठल्यातरी बर्फाच्या गावात,
काचेच्या खोलीत दोन माणसं
एकमेकांकडे न बघता बसलेली.

त्यांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नाहीत.
म्हणून एक पाणीपित्या, एक चष्मेवाला.
पाणीपित्या आमचा.
का आमचा, ते विचारू नका.
तिसऱ्या डावात हत्ती फुकट घालवून
तो स्वतःशीच हसला होता,
तेव्हापासून.

खरे खेळणारे एकटे पडगिलवार सर.
नव्वद साली औरंगाबादला लातूरकडून बसलेले,
चौथ्या फेरीत हरलेले. ती फेरी
ते अजून दर आठवड्याला नव्यानं हरतात.
मी बँकेत कॅशियर. मला घोड्याची अडीच घरं कळतात
आणि पडद्याच्या कडेची ती पट्टी:
पांढरं वर चढलं की पांढरा पुढं.
तेवढ्या जोरावर मी
जगातल्या दोन नंबरच्या माणसाला
रोज चारदा गाढव म्हणतो.
मुजीबचं तर पट्टीवर इमान.
"मीटर झूट नै बोलता, साब."

चौथा रामलिंग, शेजारचा सलूनवाला.
उंट तिरका जातो एवढंच त्याला ठाऊक,
तेही मध्येच विसरतो.
गिऱ्हाईक नसलं की येऊन उभा, खांद्यावर टॉवेल.
पट बघतच नाही. माणसं बघतो.

रविवारी नववा डाव.
पाच तास उलटले. पट्टी मधोमध, शून्य शून्य.
पाणीपित्याकडं घोडा अन् तीन प्यादी,
चष्मेवाल्याकडं उंट अन् तेवढीच.
सर म्हणाले, बरोबरी. मुजीब म्हणाला, बरोबरी.
मी बरोबरीच्या खुशीत भजी मागवली.
रामलिंग म्हणाला, "तुमचा माणूस गेला बघा."

"काय बोलूलालास? मीटर बघ की."
"मीटर ऱ्हाऊ द्या. गळा बघा.
तीस वर्षं झाली वस्तरा धरून.
पातं टेकवलं की घाबरलेला माणूस
आधी श्वास धरतो, मग गिळतो.
यानं दोनदा गिळलंय.
अन् पाणी पिईना झालाय."

खरंच. बाटली तशीच होती,
टोपण लावलेली.

सात मिनिटांनी त्यानं राजा सरकवला.
पट्टी धाडकन खाली, काळीकुट्ट.
सर उभे राहिले, परत बसले.
मुजीबच्या हातातली तांब्याची तार सैल पडून
गुंता झाला.
पाणीपित्यानं घड्याळ थांबवलं, हात पुढं केला,
आणि मग बराच वेळ
सगळी मोहरी पहिल्या जागी मांडत राहिला,
दोन्ही घोड्यांची तोंडं सरळ करत.

साडेदहापर्यंत भांडलो.
सर म्हणत, घोडा कोपऱ्यात जायचा होता,
तिथून डाव वाचत होता, मशीन दाखवतंय ना.
"कोपऱ्यात घोडा कोण नेईल?"
"मशीन नेईल."
"मग मशीनलाच कोट घालून बसवायचं होतं."
भज्यांचा कागद तेलानं पारदर्शक झालेला.
रामलिंग टॉवेल झटकत म्हणाला,
"सर, जे दार माणसाला दिसत नाही
ती भिंतच की हो."
सर काही बोलले नाहीत. त्यांच्यासमोर बहुतेक
औरंगाबादचं ते टेबल होतं.

सोमवारी तिकडं विश्रांती.
इकडं रामलिंगचंही दुकान बंद;
तरी तो पाच वाजता मुजीबकडं येऊन
बंद मोबाईलसमोर उभा राहिला म्हणे.

मी घरी पोराचा चुंबकाचा पट काढला.
आठवेल तसा डाव मांडला,
घोडा कोपऱ्यात नेऊन ठेवला.
पुढं काय, ते मला येत नाही.
बघत बसलो.
बायको दारातून म्हणाली,
"पाणी आणू का?"