दुसरी काडी

नाव होतं साळ फाइव्ह.
पाच आम्ही फक्त पहिल्या फोटोत.
नंतर कधी चार, एका कार्निव्हलला सहा,
बाणावलीच्या लग्नात तर तिघेच,
लिगोरचा ऑर्गन अलीकडच्या धक्क्यावर राहिला
आणि फेरी सुटली.
पोस्टर मात्र कोणी बदललं नाही.
मडगावच्या छापखान्यात ब्लॉक तयार होता,
पैसे भरलेले होते.

बोस्त्याव गायचा. त्याचा पासपोर्ट लाल झाला,
आता स्विंडनला गोदामात खोके उचलतो.
रविवारी फोन येतो:
माझा माइक कोणाकडे रे?
मार्सेलिन बोटीवर चढला,
आचाऱ्याचा हात आला, गिटारचा गेला.
लिगोर गेला तो खरोखरच गेला.
सिमितेरीत वाजवू का, म्हणून विचारलं,
पाद्री म्हणाला, वाजवा, पण हळू.
हळू आम्हाला कधीच येत नव्हतं.

मग माणसं येत राहिली.
एक पणजीचा, कागद वाचून वाजवणारा,
वाऱ्याने पान उलटलं की दुसऱ्याच गाण्यात जायचा.
एक नुव्याचा, दोन फेस्तं टिकला,
तिसऱ्याला नवरदेव झाला आणि आम्हालाच बोलावलं.
खाज्यांच्या गाड्यावरचा फ्रान्सिस्कीन दर वर्षी म्हणे,
हे ते नव्हेत.
असं म्हणून नाचायला उठे.

आता कैतानबद्दल.
आमच्या त्या एका गाण्यात
गिटारचा लांबलचक तुकडा संपला की
कैतान ड्रमच्या काठ्या काखेत मारायचा,
सिगारेट ओठांत, आणि काडी ओढायचा.
असोळण्याच्या दमट हवेत
पहिली काडी कधी पेटली नाही.
दुसरी पेटायची.
तोवर आम्ही चौघं हात वर धरून उभे,
मांडवभर जोड्या एका पायावर,
मधेच कोणाचं तरी पोर रडायचं.
मग धूर सोडून तो असा कोसळायचा ड्रम्सवर
की कुपांवरच्या बाटल्या सरकायच्या.
मी एकदा मोजलं होतं. पावणेसहा ठोके.
पणजीवाल्याने विचारलं, हे लिहायचं कसं?
लिहू नको म्हटलं.

कैतानला त्या सिगारेटींनीच नेलं.

यंदा माझी दोन बोटं वळेनाशी झाली.
बास दिला केप्याच्या दीपराज वेळीपला.
वीज खात्यात लाइनमन आहे,
तारांची भीती नाही.
पट्टा त्याने तीन भोकं आत घेतला,
मी बघत होतो.
माझ्या घामाने काळी पडलेली जागा
त्याच्या खांद्यावर भलतीकडेच आली.

आज फेस्ताला पहिल्यांदाच समोर बसलो,
प्लास्टिकच्या खुर्चीत, सोडा घेऊन.
वर एकही जुना नाही.
सवयीने मोजले.
पाच.
इतक्या वर्षांनी बरोबर पाच.

ड्रम्सवर जोव्हिटा, हॉस्पिटलात नर्स,
रात्रपाळी संपवून आलेली.
कैतानला पाहिलेलं नाही तिने,
धुराचा तर तिला खोकला येतो.
ते गाणं आलं. गिटारचा तुकडा संपला.
मी तिला काही सांगितलं नव्हतं.
कॅसेटवर ती फट ऐकू येते खरी,
पण फटीत काय होतं ते कॅसेटला कुठे ठाऊक?

तिने काठ्या काखेत मारल्या.
मांडवाच्या छताकडे बघत राहिली,
बसची वाट बघावी तशी.
जोड्या एका पायावर.
माझ्या खिशात काडेपेटी नाही, बारा वर्षं झाली,
तरी अंगठा तर्जनीवर घासला.
नाही पेटली.
पुन्हा घासला,

आणि ती कोसळली ड्रम्सवर.
सोड्याची बाटली हातातून गेली माझ्या.

शेजारी फ्रान्सिस्कीन, आता काठी घेऊन चालणारा,
माझ्या कानाशी ओरडला,
हे ते नव्हेत!
काठी माझ्या मांडीवर ठेवली
आणि गेला नाचायला.