कान

शनिवार, दुपारचे सव्वातीन.
फळीवर चौदा कप, काल चाकावरून उतरवलेले,
आता नेमके चामड्याइतके टणक:
बोट टेकलं तर ठसा उमटत नाही,
नख लावलं तर उमटतो.
कान लावायचे ते याच दोन तासांत.
आधी लावले तर लोंबतात,
उशिरा लावले तर भट्टीत गळून पडतात.

मातीला सांगून उपयोग नसतो
की ओर्वोक्कीबरोबर जंगलात अळंबी वेचायला जायचं
तीन शनिवार पुढे ढकललंय,
की तिकडे सरोवराकाठी वेइक्को
दुपारपासून सौना तापवतोय.
फोन वाजतो. कोपराने उचलते.
काचेवर अजून एक राखाडी डाग.
"येतेस ना?"
"आलेच. अर्धा तास."

माझा अर्धा तास घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
साइमी घड्याळ शिकत होती तेव्हा विचारायची,
साधा अर्धा तास, की आईचा?

उपाय केले नाहीत असं नाही.
ही जुनी डेअरी सहाला बंद करायची, असं ठरवलं होतं,
किल्ली वेइक्कोकडे दिली होती.
दोन आठवडे टिकलं.
मग मीच मागच्या खिडकीतून आत शिरले,
बेचाळीस वर्षांची बाई, ॲप्रनसकट,
एका सुरईला तडा जाईल म्हणून.
तडा गेलाच.

आज ओर्वोक्की एकटीच गेली जंगलात.
आणि साडेचारला दारात साइमी,
काखेत हेल्मेट, नवंकोरं लायसन्स खिशात.
काही बोलली नाही.
माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं,
ओला टॉवेल पिळला, कपांवर पांघरला,
फळी उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली
आणि पट्टा बांधला. कपांना.
"तूही बस," म्हणाली. "तुला मी बांधणार नाही."

सौनाच्या बाहेरच्या न्हाणीत इतकी वाफ असते
की तिथे भिजलेली चड्डीसुद्धा दोन दिवस वाळत नाही.
कप तिथे ठेवले, बर्चच्या ओल्या डहाळ्यांशेजारी.
ते थांबले.
वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

नंतर लाकडी धक्क्यावर, केस ओले, पाय पाण्यात,
प्रत्येकाच्या हातात एकेक कप आणि मातीची वळी.
वेइक्कोने लावलेला कान
मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्याचा.
साइमीने एकाला दोन लावले, दोन्ही एकाच बाजूला.
"डावखुऱ्यांसाठी," म्हणाली. मला कळलं नाही,
तरी मी हसले.

ओर्वोक्कीच्या परडीत पिवळी अळंबी,
तिच्या नखांत माझ्यासारखीच माती, जंगलातली.
कपाकडे बघतच ती म्हणाली,
घर विकलं. नोव्हेंबरात औलूला जातेय, बहिणीकडे.
तीन शनिवार हेच सांगायचं होतं.

माझ्या हातात कान होता.
एका टोकाला पातळ चिखल लावलेला,
दुसरं टोक अजून कोरडं.
कपांना कान देण्यात माझी हयात गेली.
मी तो तसाच फळीवर ठेवला
आणि विचारलं, घर कुणी घेतलं?
मग ती बोलत राहिली. अंधार पडला,
सौना एकदा थंड होऊन पुन्हा तापला,
डास आले, वेइक्कोने सॉसेज जाळले,
औलूतल्या फ्लॅटला बाल्कनी आहे, पण उत्तरेला.

भट्टीतून तेरा आले, त्यातले नऊ बरे.
चौदावा बिनकानाचा राहिला.
तो ओर्वोक्की घेऊन गेली,
गरम कॉफी असली की दोन्ही हातांनी धरावा लागतो.

सुधारले, असं म्हणणार नाही.
काल मंगळवार होता. सहाचे पावणेनऊ झाले.
फक्त फोन आता ओट्यावर नसतो, खांद्याशी असतो,
आणि चाक फिरत असताना मी म्हणते,
बोल, ऐकतेय.
चाकाचा आवाज तिला तिकडे ऐकू जातो.
ती म्हणते, आधी ते थांबव.
कधी मी थांबवते.